गोठ्यातला कॅमेरा आणि वर्ध्यातले बाबा

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. कॅमेऱ्याच्या गोष्टी घराबाहेर न्यायच्या नाहीत, लोक हसतात, असं आईनं बजावलं आहे. पण गोठ्यातलं शेण कसं असतं, सकाळी घमेली भरभरून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढंच असतं. आमच्याकडचे किस्से तसेच साचतात. त्यात मी शाळेत फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचले आहेत. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून लिहून टाकते.

आमचं गाव आंजीच्या पुढे, फाट्यावरून आत आहे. या पावसाळ्यात बाबा बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, पडले आणि त्यांच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. डॉक्टरांनी सांगितलं की मी म्हणेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला आणि रॉड सरकला, तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग पाय सरळ होईलच असं नाही. म्हणून बाबांना वर्ध्यातच मोठ्या आत्याकडे ठेवलं.

दवाखान्यातून आत्याकडे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी गल्लीतल्या ऑटोवाल्याला खिडकीतून हाक मारली आणि गावाला चलतोस का म्हणून विचारलं. आत्यानं त्यांच्या चपला लपवल्या. बाबा म्हणाले, अनवाणी जाईन. गावी बादशा आणि चांद्या, आमचे दोन बैल, विनोदकाकाच्या भरवशावर होते. विनोदकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबांचा त्याच्यावर जीव आहे, भरवसा नाही.

आत्याचा मुलगा गौरवदादा वर्ध्यात दुकानांना आणि बंगल्यांना कॅमेरे बसवून देतो. त्यानंच तोडगा काढला. सिमकार्डवर चालणारा एक कॅमेरा घेऊन तो गावाला आला. वर्ध्यात बसून मोबाईलवर सगळं दिसतं, आणि बोललेलंही इकडे ऐकू येतं. तो शिडी घेऊन घराच्या दारावर चढायला लागला, कारण सगळे दारावरच बसवतात. तेवढ्यात बाबांचा फोन आला. दारावर कशाला, असं ते विचारत होते. दादा म्हणाला, चोर आला तर दिसेल.

"चोर आला त तुमी हाव ना घरी," बाबा म्हणाले. "बैलाईले कोन हाय?"

कॅमेरा गोठ्यात बसला.

*

पहिल्याच संध्याकाळी विनोदकाका उलट्या घमेल्यावर बसून मोबाईल पाहत होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. मोठ्या भावासमोर त्यानं आजवर कधी खर्रा खाल्लेला नाही. म्हणजे खातो हे बाबांना माहीत आहे, बाबांना माहीत आहे हे काकाला माहीत आहे, पण समोर नाही.

वरून आवाज आला, "विनोद, चांद्याचं दावं ढिलं हाय."

काका उभा राहिला आणि त्यानं तोंडातला खर्रा गिळला. सगळा. नंतर कितीतरी वेळ तो विहिरीजवळ वाकून उभा होता आणि आई त्याला ताक पाजत होती.

तेव्हापासून काका गोठ्याच्या मागच्या भिंतीआड जाऊन खर्रा खायला लागला. तिथं कॅमेरा पोहोचत नाही. चार-पाच दिवस सुखात गेले. मग एकदा तो भिंतीआडून तोंड पुसत आत आला आणि त्यानं कुटाराच्या, म्हणजे बैलांच्या कोरड्या चाऱ्याच्या, ढिगात हात घातला, तर वरून शांतपणे आवाज आला.

"आंधी हात धू. बैलाले सवय लागन."

*

आई घरात बाबांसमोर डोक्यावर पदर घेत नाही. पण कॅमेरा आल्यावर गोठ्यात जाताना घ्यायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, तिकडे मोबाईलमध्ये कोण कोण पाहत असेल कोणाला माहीत. हे खरंच होतं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, दिवसभर बाबांच्या खाटेजवळ खुर्ची टाकून गोठाच पाहायचे. त्यांच्याकडच्या टीव्हीपेक्षा त्यांना तो जास्त आवडायला लागला होता.

त्यामुळे आई कॅमेऱ्याकडे पाठ करून बोलायची. तेही बाबांशी नाही. बादशाशी.

एकदा दुपारी ती बैलांसाठी सरकीची ढेप भिजवत होती. बाबा एरवी ढेप, पाणी, दावं एवढंच विचारतात. त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. वरून आवाज आला, "तू जेवली काय?"

मला आठवतं तेव्हापासून बाबांनी आईला हे कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आईचा हात टोपल्यातच थांबला. मग तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि बादशाला म्हणाली, "सांग त्याईले, जेवली मनाव."

बादशानं कानावरची माशी उडवायला मान हलवली.

"तो त नाई मनते," बाबा म्हणाले. "जाय, जेव आंधी."

आई गेली आणि खरंच जेवली. तोवर ती जेवलेली नव्हती.

*

आता वर्ध्यातला एक किस्सा. हा आत्यानं फोनवर सांगितला.

बाबांना पायाचा व्यायाम शिकवायला एक मॅडम घरी यायच्या. झोपूनच पाय हळूहळू वर उचलायचा आणि थोडा वेळ तसाच धरायचा. बाबा मॅडम असेपर्यंत उचलायचे. त्या गेल्या की दुखतं म्हणायचे आणि मोबाईल पाहायचे. व्यायाम झाला नाही तर पाय आखडेल, असं मॅडमनी आत्याला सांगितलं होतं.

आत्या दिवसभर विचार करत होती. संध्याकाळी तिनं बाबांच्या हातातून मोबाईल घेतला, खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि मोबाईलचा पडदा स्वतःकडे फिरवला.

बाबा म्हणाले, ताई, इकडे कर. आत्या म्हणाली, पाय वर केला की बैल दिसते.

बाबांनी पाय वर केला. आत्यानं मोबाईल फिरवला. पाय खाली आला की मोबाईल पण फिरला. असं रोज सुरू झालं. पुढच्या वेळी मॅडम आल्या आणि पाय पाहून म्हणाल्या, वा, तुम्ही तर खूप मेहनत घेतली. बाबा म्हणाले, माझी काही नाही, चांद्याची डावी बाजू दिसायला पाय जरा जास्त वर करावा लागतो.

*

शेजारच्या कमलामावशीचं आणि आईचं बोलणं बंद होतं. कारण आमची कोंबडी. तिनं मावशीच्या परसातला सांभार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर, सगळा उकरून टाकला होता.

आईशी बोलायचं नाही, पण तक्रार तर करायचीच आहे. मग मावशी एका सकाळी सरळ आमच्या गोठ्यात आली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि "रमेशभाऊ" अशी सुरुवात करून सगळं सांगायला लागली. कोंबडी कशी आली, कुठून आली, मागच्या वर्षी काय केलं होतं. आईला राहवेना. ती पण आली आणि कॅमेऱ्यालाच सांगायला लागली की वाफ्याला कुंपण नाही. दोघी एकमेकींकडे न पाहता वर पाहून भांडत होत्या. मी दाराशी कुटार घेऊन उभी होते. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

तिकडे बाबा गोळी घेऊन झोपले होते. मोबाईल आतोबांच्या हातात होता. आतोबा रिटायर होईपर्यंत कोर्टात होते, पुकारा करायचे. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वरून एक वेगळाच, भरदार आवाज आला.

"दोनी बाजू ऐकल्या. पुढची तारीख मंगळवार."

आईनं पदर सावरला. मावशीनं तर कॅमेऱ्याला नमस्कार केला.

मला वाटलं, आता ती कशाला येते. पण मंगळवारी मावशी आली. चांगलं लुगडं नेसून आली, आणि काखेत आमची कोंबडी होती, पुरावा म्हणून. आतोबांनी वर्ध्यातून तीनदा पुकारा केला, "कमलाबाई हाजिर हो." ती कॅमेऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभीच होती, तरी तीनदा केला. निकाल असा लागला की सांभार पुन्हा उगवेपर्यंत कोंबडीची अंडी मावशीची.

सांभार केव्हाच उगवला. अंडी अजून तिकडेच जातात, आणि ती न्यायला येते तेव्हा मावशी आईशी तासभर बोलत बसते.

*

एक माझाही आहे. लहानसाच.

वर्गात मॅडमनी धडा मोठ्यानं वाचायला सांगितला की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नाही. म्हणून मी घरी गोठ्यात जाऊन वाचते. बैल हसत नाहीत. कॅमेरा आला तरी ती सवय गेली नाही, उलट कॅमेरा आहे हे मी विसरूनच गेले होते. इंग्रजीचा अख्खा धडा मी हातवारे करून वाचला. मध्ये एकदा चांद्याला शिक्षा पण केली, लक्ष नव्हतं म्हणून.

शनिवारी आम्ही बाबांना भेटायला वर्ध्याला गेलो. आत्याच्या घरी सगळे माझ्याकडे पाहून गालात हसत होते. मला काहीच समजेना. निघताना बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "निकू, चांद्याले बाकावर उभा नोको करत जाऊ. त्याचा पाय मोडन, मंग दोघं पडून राहू."

*

मग पोळा आला. इथून पुढे मात्र आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

बाबांनी आजवर एकही पोळा चुकवलेला नाही. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, त्याला सजवून तोरणाखाली न्यायचं, हे मालकानंच करायचं असतं. बाबा म्हणाले, मी येतो. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही, हाड आत्ता कुठे धरायला लागलं आहे. बाबा डॉक्टरांना हो म्हणाले, आणि डॉक्टर गेल्यावर आत्याला म्हणाले, मी जातो.

शेवटी गौरवदादानं त्यांना शब्द दिला की पोळा तुम्हाला खाटेवर दिसेल, बैलाचं शेपूट न् शेपूट दिसेल. बाबा म्हणाले, दिसला तर ठीक. नाही दिसला तर ऑटो गल्लीच्या तोंडाशीच असतो.

आवतन बाबांनी गोठ्यातल्या कॅमेऱ्यातून दिलं. काकानं पळसाच्या पानानं बैलांचे खांदे शेकले आणि वरून बाबांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं कॅमेरा काढला आणि मारुतीच्या देवळासमोर, जिथं पोळा भरतो, तिथं तोरणाजवळच्या बांबूला बांधला. देवळातल्या लाऊडस्पीकरच्या बोर्डावरून त्याला वायर दिली. बैलांच्या रांगा लागल्या. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. आमचे दोघं बांबूच्या अगदी समोर होते. झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यात जोरात म्हणायचं गमतीचं गाणं, त्यात कोणाचीही टर उडवायची मुभा असते. वामनआजोबांनी बांबूकडे हात करून म्हटलं,

"बैल उभे पोळ्यात, मालक पडला वर्ध्यात,
टुकूटुकू पाह्यते बांबूवरच्या डब्यात,
हर बोला हर हर महादेव!"

सगळा पोळा हसला. बांबूवरून बाबांचं हसू पण ऐकू आलं.

आणि तेवढ्यात काकाचा मोबाईल वाजला. आत्या होती. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की बाजूला उभ्या असलेल्या मलाही सगळं ऐकू येत होतं. मोबाईलवर बादशा हलत नाही, असं ती सांगत होती. कान हलत नाही, शेपूट हलत नाही, नुसता उभा आहे. "रमेश मनते त्याले कायतरी झालं. खाटीवरून पाय खाली सोडून राह्यला! त्याले सांगा कोनी!"

मी बादशाकडे पाहिलं. तो मजेत शेपूट हलवत होता. काका बांबूकडे तोंड करून ओरडला, भाऊ, बादशा चांगला आहे. वरून काहीच उत्तर आलं नाही. दादा पळत आला आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये पाहून म्हणाला, चित्र अडकलं आहे. गावात टॉवर एकच. आणि पोळ्यात उभा असलेला प्रत्येक जण मोबाईल वर धरून व्हिडिओ पाठवत होता, कोणी पुण्याला भावाला, कोणी सुरतेला मुलाला. आमच्या कॅमेऱ्याला जागाच उरली नव्हती.

फोनवर आत्या ओरडत होती. काका ओरडत होता, पण डफड्यांमध्ये ते कोणाला ऐकू जाणार. दादा बांबूवर चढला होता. देवळाच्या ओट्यावर माईक होता आणि त्याच्या सगळ्यात जवळ मी होते.

मी ओट्यावर कशी चढले ते मला आठवत नाही. माईक थंड होता एवढं आठवतं.

"सगळ्यांनी मोबाईल बंद करा," मी म्हणाले. माझाच आवाज चारही बाजूंनी आला आणि मी घाबरले. पण थांबले नाही. "माझ्या बाबांना बैल दिसत नाहीत. ते पाय खाली टाकतील. सगळ्यांनी मोबाईल बंद करा."

डफडी थांबली. सगळा पोळा माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, आता हसतील.

वामनआजोबांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि बंद केला. मग सरपंचांनी. मग रांगेत एकामागून एक सगळ्यांनी. ज्यांना बंद करता येत नव्हता त्यांचा शेजारच्यानं केला. बैलांच्या घुंगरांशिवाय कसलाच आवाज येत नव्हता. काकानं फोन कानाला लावून धरला होता.

मग बांबूवरून बाबांचा आवाज आला. "हालला. शेपूट हालवलं त्यानं."

आणि थोड्या वेळानं, "ताई, माहा पाय वर घे."

तोरण तुटलं, पोळा फुटला आणि सगळ्यांनी एवढा आरडाओरडा केला की मी माईक तिथंच ठेवून आईच्या मागे जाऊन उभी राहिले. या वर्षी पोळा फुटतानाचा व्हिडिओ आमच्या गावात कोणाकडेच नाही.

*

हाड धरलं. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि बाबांना वॉकर घेऊन उभं राहायची परवानगी दिली. मागच्या आठवड्यात गौरवदादा त्यांना गाडीतून गावाला घेऊन आला.

आईनं ओवाळायला ताट तयार ठेवलं होतं. बाबा घरात गेलेच नाहीत. गाडीतून उतरले आणि वॉकर टेकत टेकत सरळ गोठ्याकडे निघाले. एक पाऊल, मग थांबा, मग दुसरं. आम्ही सगळे मागे. कमलामावशी पण मागे.

गोठ्याच्या दारात ते उभे राहिले. दम लागला होता. बादशा कुटार खात होता. बाबांनी हाक मारली, "बादशा."

बादशानं खाणं थांबवलं, मान उचलली आणि वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

बाबांनी पुन्हा हाक मारली. बादशा पुन्हा कॅमेऱ्याकडेच पाहत राहिला. चांद्या पण. इतके महिने तो आवाज तिथूनच येत होता. मालक तिथं वर राहतो, अशीच त्यांची समजूत झाली असणार.

विनोदकाका हसायला लागला होता, पण बाबांचा चेहरा पाहून थांबला. दादा म्हणाला, मामा, काढून टाकू का मी तो? बाबांनी मान हलवून नाही म्हटलं.

मग त्यांनी वॉकर उचलला आणि आत निघाले. बैलांकडे नाही. भिंतीच्या कडेनं, एकेक पाऊल टाकत, ते बरोबर कॅमेऱ्याच्या खाली जाऊन उभे राहिले. भिंतीला पाठ लावली. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बादशा, मी हाव रे इथं."

बादशा वरच पाहत होता. मग त्याची मान थोडी खाली आली. मग आणखी थोडी. मग त्याला बाबा दिसले. तो दाव्याला ताण देऊन पुढे झाला, त्यानं बाबांच्या सदऱ्याचा वास घेतला, जोरात फुसकारला आणि जीभ बाहेर काढली.

तेवढ्यात वरून आत्याचा आवाज आला. ती वर्ध्यात मोबाईल घेऊनच बसली होती.

"रमेश, डाव्या पायावर भार देऊन राह्यला तू. मले दिसून राह्यलं इथून. बस खाली!"

बादशानं पुन्हा वर पाहिलं. बाबांनीही वर पाहिलं. दोघांची तोंडं उघडी होती, आणि दोघंही इतके सारखे दिसत होते की आई, जी आजपर्यंत कधी त्या कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं हसली नव्हती, ती

हाव आई, आली. नाई, लिहून नाई राह्यली. आली म्हटलं ना.